विशेष शिक्षिका

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणूस नोकरी करत नाही, माणूस ‘लागतो’. ‘पोरगा लागला का?’ एवढंच विचारायचं. कुठे आणि कशाला हे विचारायची गरज नसते, कारण लागणं म्हणजे सरकारी नोकरीला लागणं. जो पुण्याला एखाद्या कंपनीत वर्षानुवर्षं मान मोडून काम करतो, तो आमच्या लेखी लागलेला नसतो. त्याच्याबद्दल ‘तो तिकडं पुण्याले राह्यते’ असं म्हणतात आणि विषय बदलतात. माझा नवरा खामगावच्या एका तेल मिलच्या ऑफिसात आहे. आमच्या लग्नात एका आत्याने बाबांना चारचौघांत विचारलं होतं, “जावई लागलेले हायेत काय?” आणि बाबा पडल्या आवाजात म्हणाले होते, “तसे नाही, पण मिलमंधी चांगलं हाये त्याईचं.” नवऱ्याने ते ऐकलं. इतकी वर्षं झाली, अजूनही त्याला घरातलं कुठलं काम सांगितलं की तो म्हणतो, “मी न लागलेला माणूस, माझ्याकडून होईल ते होईल.”

माझं माहेर वरवट बकालचं. बाबांची भाजीपाल्याची शेती. वांगी, मिरची, मेथी, हिवाळ्यात कोबी. माझ्या आयुष्याची दीर्घकालीन योजना मी बारावी पास झाले त्या दिवशी आमच्या ओट्यावर ठरली. बैठकीला बाबा आणि मामा होते, आई दारात उभी होती, आणि मी आत चहा गाळत होते. बारावी, मग डी.एड., मग लागणं, मग लागलेल्या मुलाशी लग्न. चहा निवायच्या आत सगळं ठरून गेलं. मला कुणी विचारलं नाही हे खरं, पण विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. मला शाळा आवडायची. खडूचा वाससुद्धा आवडायचा.

तेव्हा डी.एड.ला नंबर लागणं म्हणजे काय होतं, ते आज कुणाला सांगून पटत नाही. चांगले मार्क पडलेली मुलं इंजिनियरिंग सोडून डी.एड.कडे वळायची, कारण दोन वर्षांत पोरगं लागत होतं. माझा नंबर लागला तेव्हा बाबांनी पेढे वाटले आणि पुढचे कितीतरी दिवस खामगावच्या प्रत्येक फेरीत एसटीत शेजारी बसेल त्याला सांगितलं. एकदा तर कंडक्टरलाच सांगितलं. त्याने तिकीट फाडता फाडता अभिनंदन केलं, ते बाबांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं.

आमची बॅच बाहेर पडली आणि भरती थांबली. आधी वाटलं, या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. मग पुढच्याही वर्षी नाही. मग पात्रतेची परीक्षा आली, मग भरतीची आणखी एक परीक्षा आली, आणि दोन्हींची नावं इतकी सारखी की मी टीईटी पास झाले तेव्हा बाबांना वाटलं मी लागलेच. मी समजावलं, “बाबा, ही टीईटी. अजून टेट राह्यली.” ते म्हणाले, “तेच तं ना बाप्पा, तेच ते!” तेच ते नव्हतं. खामगाव ते संग्रामपूर या पट्ट्यात त्या काळी एक डी.एड. झालेलं माणूस नाही असं घर शोधावं लागलं असतं. आमच्या वर्गातल्या कुणाचं जनरल स्टोअर आहे, कुणी विमा विकतो. एका मैत्रिणीचं ब्युटी पार्लर आहे. तिच्या दारावरच्या फळ्यावर ‘फेशियल’ हा शब्द इतक्या वळणदार, रेषेत बसवलेल्या अक्षरात लिहिलेला असतो की मला दर वेळी तिथे उभं राहून रडावं की हसावं कळत नाही.

माझं लग्न झालं, मी खामगावला आले, एका लहानशा खासगी शाळेत शिकवू लागले. बाबांच्या दृष्टीने हा मधला काळ होता. बस यायची असते आणि आपण स्टँडवर बसलेलो असतो, तसा. आई गेल्यावर मात्र त्यांची घाई वाढली. आई माझ्या लागण्याची वाट पाहत गेली असं ते कुणालाही सांगायचे. खरं तर आई वाट पाहत होती ती माझ्या फोनची, पण ते जाऊ द्या. फोनवर बोलणं संपत आलं की ठरलेलं वाक्य यायचं, “माहे डोये मिटाच्या आंधी तू लागली पाह्यजे, माय. मंग काही नाही.” मला या वाक्याचा राग यायचा. आणि राग आला की वाईट वाटायचं, कारण त्यात त्यांचं स्वतःसाठी काहीच मागणं नव्हतं.

शाळेत माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. पाचवीत येऊनही काही मुलांना वाचता येत नव्हतं. आळशी असतील, घरी लक्ष देत नसतील, असं शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळेच म्हणायचो. पण त्यातली काही मुलं सांगितलेलं सगळं लक्षात ठेवत, तोंडी गणित माझ्याआधी करत, आणि पुस्तक उघडलं की त्यांचा चेहरा बंद व्हायचा. मला त्या चेहऱ्याचं कोडं पडलं. मी शाळा सुटल्यावर दोघातिघांना घरी बोलवायला लागले. आधी माझ्याच पद्धतीने शिकवलं आणि काहीही झालं नाही. मग मी शोधायला लागले. मोबाइलवर वाचलं, अकोल्याच्या एका बाईंना फोन करून भंडावून सोडलं, आणि मला कळलं की अक्षरं डोक्यात वेगळ्या रीतीने बसतात अशी मुलं असतात, आणि त्यांना शिकवायची वेगळी रीत असते. त्यांच्या डोक्यात काही बिघाड नसतो.

त्या रीतीपायी आमच्या घरात रव्याचं ताट आलं. मुलं ताटातल्या रव्यात बोटाने अक्षर काढतात, तोंडाने म्हणतात, पुसतात, परत काढतात. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, “आपल्या घरचा शिरा आधी शिकतो आणि मग शिजतो.” त्यांनी दुसऱ्या दिवशी मुलांसाठी रव्याचा वेगळा डबा करून दिला. सासूबाई खामगावच्या, गावात वाढलेल्या, टोमणा आणि मदत एकाच हाताने देणाऱ्या.

याच सुमारास मी मोबाइलवरून एक प्रशिक्षण केलं. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या होत्या. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, आज आपण प्रत्येकीचा दीर्घकालीन करिअर आराखडा करू या. पडद्यावरच्या चौकटींमध्ये आम्ही सगळ्या ताठ बसलो. माझी पाळी आली. बाईंनी विचारलं, “दहा वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?”

मी म्हणाले, “खामगावात.”

सगळ्या चौकटी हसल्या. मला क्षणभर कळलंच नाही काय चुकलं. कुठे विचारलं, कुठे सांगितलं. आमच्याकडे मुलीला दुसरे लोक बघायला येतात, मुलीने स्वतःला बघायची रीतच नाही, तर प्रश्न कळणार कसा? बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे पुढचा प्रश्न विचारला, “बरं, खामगावात. काय करताना?”

‘लागलेली’ असं म्हणावं तर ते खरं वाटेना. मी म्हणाले, “विचार करून सांगते,” आणि मोबाइलवरचा माझा आवाज बंद केला. पुढचा सगळा आठवडा मी भाकऱ्या थापताना, वह्या तपासताना तेवढाच विचार करत होते. इतकी वर्षं मी एका बसची वाट पाहत होते आणि ती कुठे जाते हे विचारलंच नव्हतं.

मग मी नवऱ्याला समोर बसवलं आणि बोलता बोलता आराखडा केला. डी.एड.नंतर मी पदवी अर्धवट सोडली होती, ती आधी पूर्ण करायची. मग विशेष शिक्षणातली बी.एड. मग अकोल्याला किंवा नागपूरला एखाद्या केंद्रात काम करून हात बसवायचा. आणि मग खामगावात स्वतःचं केंद्र, जिथे वाचता न येणाऱ्या मुलांची तपासणीही होईल आणि शिकवणंही, म्हणजे आईबापांना पोर घेऊन अकोल्याच्या खेपा घालायला नकोत. नवरा सगळं ऐकून म्हणाला, “सात-आठ वर्षं तर सहज.” मी म्हणाले, “हो.” तो म्हणाला, “मग आजच सुरू कर, उद्या सुरू केलं तर एक दिवस जास्त लागेल.” न लागलेल्या माणसांचं असं बरं असतं.

अडचण एकच होती. त्याच वर्षी बऱ्याच काळाने मोठी भरती निघायची चिन्हं होती, आणि वयाच्या अटीत बसण्याचं माझं ते शेवटचं वर्ष होतं. भरतीचा अभ्यास करायचा तर सकाळ-संध्याकाळ तेच. पदवीचा अभ्यास, घरी येणारी मुलं आणि भरती, तिन्ही एकदम होणार नव्हतं हे मला माझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरून कळत होतं. मी भरती सोडायची ठरवलं. आता ते बाबांना सांगायचं होतं. मी लागलेली पाहायची या एका गोष्टीवर जो माणूस आई गेल्यावर उभा होता, त्याला सांगायचं की मी लागणार नाही, आणि जे करणार ते व्हायला आणखी सात-आठ वर्षं जातील. बाबा तेव्हा सत्तरी ओलांडून पुढे गेले होते.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. जेवण झालं, आमरसाच्या वाट्या विसळून झाल्या, बाबा ओट्यावर टेकून बसले होते. मी जाऊन सगळं सांगून टाकलं. एका दमात, मध्ये थांबले असते तर उरलेलं सांगितलंच गेलं नसतं.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “म्हंजे फार्म भरनार नाही तू.”

“नाही.”

“अवं, पण शेवटचं वरीस हाये ना तुहं?”

“हाव. म्हनूनच आता ठरवलं.”

ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. अगदी हरवल्यासारखे माझ्याकडे बघत म्हणाले, “मंग मी लोकाईले काय सांगू?”

हा प्रश्न हलका नव्हता. वरवटमध्ये रोज कुणी ना कुणी त्यांना विचारत होतं आणि रोज ते ‘होऊन राह्यलं, आता होते’ असं सांगत होते. मी त्यांच्या हातातून तेवढंही काढून घेत होते. मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं. मी म्हणाले, “सांगा, पोरगी विशेष शिक्षिका होऊन राह्यली.”

“विशेष?” बाबा सरळ बसले.

“हाव. विशेष शिक्षिका. तसंच म्हनतात.”

“विशेष शिक्षिका,” त्यांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. त्यांचा चेहरा उजळला. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी आत जाऊन सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकला.

आता ‘विशेष’ या शब्दाचा आमच्याकडे काय अर्थ आहे, हे मला कळायला हवं होतं. विशेष अतिथी स्टेजवर मधोमध बसतो. विशेष गाडी मधल्या स्टेशनांवर थांबत नाही. विशेष अधिकारी नुसत्या अधिकाऱ्याच्या वरचा. तेव्हा साध्या शिक्षिकेच्या वर विशेष शिक्षिका असणार, हे बाबांनी गृहीत धरलं, आणि गावाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. महिनाभरात मला फोन यायला लागले. एका मावशीने विचारलं, “मुख्याध्यापिकेच्या वरती काय वं ते?” मामा म्हणाला, “बदली कुठी होईन मंग?” मी हसण्यावारी नेलं. गर्दीत चुकीचं नाव घेऊन कुणी हाक मारली तर आपण ‘ओ’ देतो, तसं काहीतरी झालं होतं माझं.

पावसाळा संपत आला तेव्हा बाबांचे एक चुलतभाऊ खामगावला आमच्या घरी आले. सोबत त्यांची नात, शाळेत कायम पहिला नंबर. येताना नारळ आणला होता. काका म्हणाले, “हिले स्कॉलरशिपले बसवाचं हाये. मोठ्या मास्तरनीकडं शिकली तं निघून जाईन पोरगी.” तेवढ्यात माझी शिकवणीची मुलं यायला लागली. एक सातवीतला मुलगा रव्याच्या ताटात बोटाने ‘क’ काढत बसला. काकांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग नातीचा हात धरून तिला आपल्याजवळ ओढलं.

“हे काय वं? हे पोट्टं तं केवढं मोठं हाये.”

मी समजावून सांगितलं. मी ज्यांना वाचता येत नाही त्यांना शिकवते, त्याच शिक्षणाला विशेष शिक्षण म्हणतात.

“म्हंजे ढ पोराईची मास्तरीन,” काका म्हणाले. “मंग त्याच्यात विशेष काय?”

मी चहाची कपबशी जरा जोरातच ठेवली. “काका, ह्याईच्यात ढ कोनी नाही. तुमची नात हुशार हाये, तिले माही गरज नाही. ज्याईले गरज हाये त्याईच्यासाठीच बसली मी इथं.” त्या मुलाने मान वर केली नाही, पण त्याचं बोट थांबलं होतं. काका चहा अर्धवट टाकून उठले. नारळ राहिला. सासूबाईंनी संध्याकाळी त्याची चटणी केली आणि म्हणाल्या, “विशेष झाली आहे.”

माझी धास्ती वेगळीच होती. काका गावी पोचायच्या आधी बाबांना फोन करावा असं वाटत होतं, पण काय सांगणार? आणि मी फोन केला नाही. पुढे कळलं की गावातल्या एका लग्नाच्या पंगतीत, पानं वाढलेली असताना, काकांनी मोठ्याने सांगितलं होतं. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, “विशेष म्हंजे असं काय?” बाबा पंगतीतून उठले नाहीत, जेवले, हात धुतले आणि घरी गेले. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मी केला तर ‘बरं हाये, बरं हाये’ म्हणून ठेवून द्यायचे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. गप्प बसलेल्या बाबांचं काय करायचं, हे मला अजून येत नाही.

भरतीचा अर्ज भरायची मुदत संपत आली होती तेव्हा ते आले. दुपारची वेळ, हातात भाजीची पिशवी. ओट्यावरच्या खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि सरळ म्हणाले, “तारीख गेली नाही अजून. फार्म भरून टाक.”

“बाबा—”

“पंगतीत लोकं हासले माह्यावर. मले आंधी काऊन नाही सांगतलं तुनं? मी समद्या गावाले सांगत फिरलो.”

“तुमी विचारलंच कुठी?” माझा आवाज चढला. “लोकाईले काय सांगू, एवढंच विचारलं तुमी. मी काय करतो, कोनाले शिकवतो, हे विचारलं काय? एकडाव तरी?”

ते उठतील असं वाटलं. पण त्याच वेळी फाटक वाजलं. माझी रोजची विद्यार्थिनी आली, गल्लीच्या टोकाला राहणारी, सहावीतली. ती आमचे आवाज ऐकून फाटकातच थांबली. आता हिला परत पाठवणं मला जमलं नसतं. मी तिला आत घेतलं, सतरंजी टाकली आणि बाबांना म्हणाले, “बसा. मंग बोलू.” सांगितलं कसलं, दटावलंच जवळजवळ. ते बसले.

ही मुलगी ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये अडकायची. दोन वर्षं अडकलेली होती. घर वाचताना धर, धडा वाचताना घडा, आणि मग सगळं वाक्यच कोसळायचं. ती नजर पुस्तकावर ठेवून अंदाजाने काहीतरी म्हणायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायची, बरोबर आलं का म्हणून. शाळेतली बहुतेक वर्षं तिने शिक्षकांचे चेहरे वाचून काढली होती. मी तिला काही आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं, ‘घ’ घराचा, म्हणून त्याचं छप्पर सलग आहे. ‘ध’चं छप्पर फाटलेलं आहे. वाचायच्या आधी छप्पर बघ.

त्या दिवशी मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: ‘घडा नीट धर. घरात ठेव.’ तिने कागद जवळ ओढला. बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. बोट वर नेलं, छपरावरून फिरवलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी माझा चेहरा मुद्दाम खाली केला. ओट्यावर खुर्ची करकरली, बाबा पुढे वाकले असावेत.

“घ...डा,” ती म्हणाली. बोट पुढे सरकलं. मग, “घडा नीट... ध... धर.” पुन्हा बोट छपरावर. “घ...रा...त. घरात ठेव.”

तिला स्वतःलाच खरं वाटेना. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, तेच आलं. तिसऱ्यांदा भरभर वाचलं आणि ती खुदकन हसली. मग माझ्याकडे न बघता कागद उचलून ती ओट्यावर धावली आणि बाबांच्या मांडीवर तो ठेवून म्हणाली, “आजोबा, हे पाहा. घर.”

“हाव, माय,” बाबा म्हणाले. “घर.” त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि तिच्यासारखंच वरच्या रेघेवरून फिरवलं.

ती गेल्यावर मी चहा आणला आणि तिचं दोन वर्षांचं अडकणं बाबांना सांगितलं. बाबा कागद हातात घेऊन बसलेच होते. मला वाटलं, आता फॉर्मचा विषय निघेल. माझं उत्तर तयार होतं, आणि ते देताना मला किती वाईट वाटणार आहे हेही मला माहीत होतं.

“दोन वर्सं अडकली होती ही?” त्यांनी विचारलं.

“हाव.”

“आन् शायेत?”

“शायेत पन्नास पोरं असतात, बाबा. कोनाले वेळ हाये?”

त्यांनी मान हलवली. चहा प्यायले. म्हणाले, “मी पंगतीत काही बोललोच नाही. मले मालूमच नव्हतं काय बोलाचं ते.” मग कागद मांडीवर सपाट करत, “आता मालूम हाये.”

मी कप उचलायच्या निमित्ताने वाकले.

“तुहं ते सेंटर,” ते म्हणाले, “इथं खामगावात होनार तं कवा होईन?”

मी खोटं बोलू शकले असते. तीन-चार वर्षं म्हणाले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. “पदवी चालू हाये. मंग बी.एड., मंग अकोल्याले काम. सात-आठ वर्सं तरी जातीन, बाबा.”

ते समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. फॉर्मबद्दल चकार शब्द काढला नाही. मग बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाले, “मंग मले तेवढं जगा लागीन.”

भाजीची पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली, चपला घातल्या, आणि फाटकाशी जाऊन वळले. डॉक्टरांनी त्यांना दोन वर्षांपूर्वी बीपीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. ‘मले काही झालं नाही’ म्हणून त्यांनी एकही घेतली नव्हती, माझं, मामाचं, कुणाचं ऐकलं नव्हतं.

“ते बीपीच्या गोया,” ते म्हणाले, “इथं भेटतीन काय वं कुठी?”

मी पिशवी दारातच ठेवली आणि त्यांच्याबरोबर औषधाच्या दुकानापर्यंत चालत गेले.